बोलू नका, दमाल

बायपॅपचा, म्हणजे मशीनने दाबाची हवा देणारा, मास्क लावलेल्या माणसाच्या खाटेशी दहा मिनिटं उभं राहिलं की एक वाक्य हमखास कानावर पडतं. सिस्टर म्हणतात, नातेवाईक म्हणतात, राउंडला आलेले डॉक्टर जाता जाता म्हणतात: "बोलू नका, दमाल." वाक्य मायेचं आहे आणि कधीकधी खरंही. ज्याला मिनिटाला पस्तीस श्वास घ्यावे लागताहेत त्याने गप्पा मारू नयेत, हे सांगायला डॉक्टर लागत नाही. पण बऱ्याचदा त्या वाक्याच्या पोटात दुसरंच काही असतं. तुम्ही काय म्हणताय ते आम्हाला कळत नाहीये, आणि कळून घ्यायला आमच्या हाताशी काही नाही. हे कबूल करण्यापेक्षा रुग्णाला गप्प बसवणं सोपं जातं.

मला म्हणायचंय ते एवढंच: मास्कमधून बोललेलं समोरच्याला कळणं हे उपचाराच्या हिशेबात धरलं पाहिजे. मास्क बनवताना, विकत घेताना, चेहऱ्यावर बसवताना आणि केसपेपरवर नोंद करताना. आज बहुतेक ठिकाणी ते कुणाच्याच कामात मोडत नाही. डॉक्टर रक्तातला वायू बघतात, सिस्टर सॅच्युरेशन बघतात, तंत्रज्ञ मास्कच्या कडेने होणारी हवेची गळती बघतो. रुग्ण काय म्हणतोय ते ज्याला सुचेल तो बघतो.

माझ्या मामांचं सांगतो. फुफ्फुसांचा जुना आजार, त्यात छातीत संसर्ग, रक्तातला सीओटू (कार्बन डायऑक्साइड) वाढलेला. आयसीयूत बायपॅप लावला. नाक आणि तोंड दोन्ही झाकणारा मास्क, डोक्यामागून घट्ट आवळलेले पट्टे. दुसऱ्या दिवशी सकाळपासून ते एकच शब्द म्हणत होते. आम्हाला तो "पाणी" ऐकू येत होता. मामींनी समजूत घातली, "अहो, पाणी आत्ता नाही देता येणार, डॉक्टर नको म्हणालेत." मीही म्हटलं, "मामा, जरा धीर धरा, मास्क निघाला की लगेच देतो." ते मान हलवायचे, डोळे मिटून घ्यायचे, पुन्हा तोच शब्द. दुपारी त्यांनी मास्कलाच हात घातला. सिस्टरांनी हात बाजूला केला. तिसऱ्या वेळी मनगटाला मऊ पट्टी बांधून हात खाटेच्या कठड्याला अडकवला गेला, आणि केसपेपरवर नोंद झाली: रुग्ण अस्वस्थ, मास्क सहन होत नाही. संध्याकाळच्या पाळीच्या सिस्टरांनी चेहरा पुसायला पट्टा सैल केला तेव्हा दिसलं, डावा कान पट्ट्याखाली दुमडला गेला होता. कानाची पाळी काळीनिळी पडलेली. मामा सकाळपासून "कान" म्हणत होते.

त्या दिवशी कुणीही वाईट वागलं नव्हतं. पाणी नाकारणं बरोबर होतं, मास्क ओढू न देणंही बरोबर. प्रत्येक पायरी आपापल्या जागी शहाणपणाची, आणि सगळ्या मिळून एका शुद्धीवर असलेल्या माणसाचे हात बांधण्यापर्यंत पोचल्या. न कळलेलं बोलणं हवेत विरून जात नाही. त्याचं 'वर्तन' होतं. तक्रार करणारा रुग्ण नोंदीत अस्वस्थ रुग्ण होतो, अस्वस्थ रुग्णाला झोपेचं औषध देण्याचा विचार सुरू होतो, आणि आधीच ज्याचा श्वास अपुरा आहे त्याला गुंगी आणणं किती जोखमीचं ते त्या खोलीतल्या प्रत्येकाला माहीत असतं. मास्क सहन न झाल्यामुळे शेवटी घशात नळी टाकावी लागणं, हे मास्कचा उपचार फसण्याचं एक ओळखीचं कारण आहे. 'सहन झाला नाही' असं लिहिलेल्या किती जणांचा नुसता कान दुमडलेला असेल, याचा हिशेब कोण ठेवणार?

गंमत म्हणजे बोलणं वाचतं हा या मास्कचा फायदाच मानला गेला. १९२८ साली बॉस्टनमध्ये फिलिप ड्रिंकर यांचं 'आयर्न लंग' पहिल्यांदा रुग्णावर वापरलं गेलं तेव्हा माणूस लोखंडी पेटीत आणि डोकं बाहेर. चेहरा मोकळा. पोलिओचे रुग्ण मशीनच्या लयीत, उच्छ्वासाची पाळी आली की बोलायला शिकले. १९५२ च्या कोपनहेगनमधल्या साथीत ब्यॉर्न इब्सेन यांनी गळ्याला भोक पाडून नळीतून हवा आत ढकलण्याचा मार्ग धरला, वैद्यकीय विद्यार्थ्यांनी पाळीपाळीने हाताने पिशव्या दाबल्या, आणि कितीतरी जीव वाचले. आजच्या आयसीयूचा जन्म बहुतेक जण तिथलाच मानतात. पण तेव्हापासून मशीनची हवा स्वरयंत्राला वळसा घालून नळीतूनच ये-जा करू लागली, आणि आवाज बंद झाला. पुढे १९८१ मध्ये सिडनीत कॉलिन सलिव्हन यांनी झोपेत श्वास अडणाऱ्यांसाठी नाकावरच्या मास्कमधून दाबाची हवा दिली, आणि त्यानंतरच्या दहा-पंधरा वर्षांत दोन दाबांचे, म्हणजे बायपॅपचे, मास्क इस्पितळांत रुळले. पाठ्यपुस्तकांत या पद्धतीचे फायदे मोजतात तेव्हा यादीत ठरलेली ओळ असते: नळी नसल्याने रुग्ण बोलू शकतो, गिळू शकतो, खोकू शकतो. यादीत बरोबरची खूण झाली की विषय संपला. प्रत्यक्ष खाटेवर त्या फायद्याचं काय झालं हे कुणी विचारायला जात नाही.

काय होतं ते समजून घेण्यासारखं आहे. आपण बोलतो ते उच्छ्वासावर. धडधाकट माणूस झटकन श्वास आत ओढतो आणि तो पुरवून पुरवून वाक्य संपवतो. मिनिटाला तीस श्वास असतील तर एका श्वासाच्या वाट्याला दोन सेकंद येतात, आणि त्यातला बाहेर सोडण्याचा भाग जेमतेम सव्वा सेकंद. तेवढ्यात पाच-सहा अक्षरं बसतात. "मला उताणं झोपवू नका" या वाक्यात दहा अक्षरं आहेत. म्हणजे "मला उताणं" एवढं झालं की मशीन हवा आत ढकलणार, आणि "झोपवू नका" पुढच्या श्वासावर जाणार. ऐकणाऱ्याला वाटतं बोलणं संपलं. तो लगबगीने म्हणतो, "उताणं करू का? करतो, करतो." आणि खाटेची उशाकडची बाजू खाली येऊ लागते. दम लागलेल्या माणसाला याहून मोठी शिक्षा नाही.

शिवाय उच्छ्वासाच्या वेळीही मशीन पूर्ण थांबलेलं नसतं, थोडा दाब चालूच असतो. समोरून वारा येत असताना बोलून बघा, म्हणजे अंदाज येईल. जबडा हलला की मास्कची कड गालावरून सुटते, हवा डोळ्यांत जाते, अलार्म वाजतो. कधी मशीन त्या गळतीलाच नव्या श्वासाची सुरुवात समजतं आणि भलत्याच क्षणी हवा सोडतं. दोनचार वेळा असं झालं की रुग्ण स्वतःच बोलणं सोडून देतो, आणि त्याच्या केसपेपरवर 'शांत' असं लिहिलं जातं.

आणि आवाजाचं काय होतं? प्लॅस्टिकचा घुमट जाड, खालच्या पट्टीतला आवाज बऱ्यापैकी बाहेर सोडतो आणि वरच्या पट्टीतला गिळतो. स्वर खालच्या पट्टीत असतात. स, श, च, ट, क यांची धार वरच्या पट्टीत. म्हणजे शब्दाचं मांस उरतं, हाडं जातात. "कान"मधला क गेला की उरतो एक "आ" आणि नाकातला गुंजारव. मशीनच्या घरघरीत तेवढंच ऐकून आमच्या डोक्याने, जे अपेक्षित होतं ते, "पाणी" भरून टाकलं. त्यांचं तोंड कोरडं पडलेलं आम्हाला दिसत होतं ना.

ओठांवरून ओळखावं म्हणावं तर मास्कवर वाफ धरलेली. ती पुसली तरी प, ब आणि म हे तिघे ओठांवर एकसारखे दिसतात. ठ आणि न दातांच्या आत घडतात, ते बाहेरून कळतच नाहीत. आरशासमोर उभं राहून आवाज न काढता "पाठ" आणि "मान" म्हणून बघा. कुठे दुखतंय ते ओठांवरून कळेल या भरवशावर राहणारा माणूस भलतीच जागा चोळत बसेल. डोकंभर बसणाऱ्या पारदर्शक हेल्मेटमध्ये ओठ छान दिसतात, पण आत हवेचा इतका गलका असतो की रुग्णाला आपलंच ऐकू येत नाही. कानात बोळे घालावे लागतात.

त्यात खोलीतला आवाज. रुग्णावर उपचार होतात त्या खोल्यांत आवाज ३५ डेसिबलच्या वर जाऊ नये, असं जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ मध्येच सुचवलं. चालू आयसीयूत तो आकडा पाळला जाताना सापडणं मुश्कील आहे. आणि दाखल होतानाच रुग्णाचा चष्मा, कवळी, कानातलं मशीन एका पिशवीत घालून नातेवाइकांच्या हातात दिलेलं असतं. 'मौल्यवान वस्तू' म्हणून त्यावर आमची सही घेतली जाते. मौल्यवान खऱ्याच, पण ज्याला त्यांची गरज आहे तो आत आणि त्या बाहेर. श्रवणयंत्र काढलेला माणूस प्रश्न ऐकत नाही, चष्मा काढलेला फळ्यावरचं वाचत नाही, कवळी काढलेल्याचे दंत्य वर्ण जातात. मग सगळे म्हणतात, वयोमानाने थोडं भ्रमिष्टासारखं झालंय. कवळी ठेवायची की काढायची हा निर्णय डॉक्टरांचा, त्यात धोकाही असतो. पण तो निर्णय विचार करून झालेला असावा. सवयीने पिशवी पुढे केली, एवढंच त्यामागे नसावं.

आता दुसऱ्या मास्ककडे बघू. दुसऱ्या महायुद्धात विमानाच्या घरघरीतून वैमानिकांचं बोलणं पोचावं म्हणून ऑक्सिजनच्या मास्कमध्ये मायक्रोफोन बसवले गेले, गळ्यावर बांधायचे मायक्रोफोनही आले. सैन्याच्या गॅस मास्कच्या तोंडाशी एक पातळ पडदा असतो. तो बोलण्याने थरथरतो, आवाज बाहेर जातो आणि हवा आत येत नाही. आगीत शिरणाऱ्या जवानांच्या श्वसनसाधनांसाठी अमेरिकेत 'एनएफपीए १९८१' नावाचं मानक होतं, ते आता एका मोठ्या मानकात सामावून घेतलंय (१९८१ हा मानकाचा क्रमांक, साल नव्हे, सिडनीच्या सालाशी तो जुळला हा योगायोग). मास्क घातलेल्या जवानाचं बोलणं किती स्पष्ट पोचतं याची चाचणी त्यात सांगितलेली होती, आणि तीत नापास झालेलं साधन मानकात बसत नव्हतं.

रुग्णाच्या मास्कचं माहितीपत्रक उघडून बघा. कुठल्या दाबाला किती हवा बाहेर जाते त्याचा आलेख असतो. आत किती हवा साठून राहते ते मिलिलिटरमध्ये असतं. मास्क स्वतः किती आवाज करतो तेही डेसिबलमध्ये छापलेलं असतं, कारण शेजारी झोपणाऱ्याची झोपमोड व्हायला नको. त्यातून माणूस किती ऐकू येतो हे मी चाळलेल्या एकाही पत्रकात नव्हतं. जवानाचं बोलणं हे त्याचं काम मानलं गेलं म्हणून ते मोजलं गेलं. रुग्णाने बोलायचं नसतं, पडून राहायचं असतं, हे आपण न म्हणता गृहीत धरलं.

तुलना सरळ नाही हे मान्य. जवानाच्या चेहऱ्याची कातडी धडधाकट असते, आपल्या पाठीवरच्या टाकीतून तो स्वतःच्या ताकदीने श्वास घेतो. इथे मशीन सतत वारा घालत असतं, त्याची घोंघावणी मायक्रोफोनमध्ये आधी शिरते. मास्क काही दिवसांनी टाकून द्यायचा असतो. आणि ऑक्सिजनच्या वाटेत विजेवर चालणारी कुठलीही वस्तू घुसवणं हा खेळ नाही, त्यामुळे कुणी फोनचा माइक मास्कमध्ये खुपसायच्या फंदात पडू नये. काम अवघड आहे. पण अवघड असणं आणि मोजमापच नसणं या दोन वेगळ्या गोष्टी. आपण अजून दुसरीतच आहोत.

मोजायला काही अवाढव्य लागत नाही. इंग्रजीत यमक जुळणाऱ्या शब्दांची एक जुनी चाचणी आहे: बोलणारा एक शब्द म्हणतो, ऐकणाऱ्याने सहा सारख्या शब्दांतून तो ओळखायचा. मराठीत तर असे संच पैशाला पासरी मिळतील. पाठ, गाठ, काठ, साठ, ताठ, माठ. प्रत्येक मास्क, ठरलेल्या दाबांवर, ठरलेल्या अंतरावरून, शंभरातले किती शब्द बरोबर. तो आकडा माहितीपत्रकावर छापा. इस्पितळाची खरेदी समिती दोन मास्क शेजारी ठेवून गळती बघते तशी हाही बघेल. इस्पितळांनी असा आकडा मागितल्याशिवाय कुठलाही उत्पादक तो आपणहून छापणार नाही, म्हणून सुरुवात खरेदीच्या टेबलावरून व्हावी असं मला वाटतं.

यंत्रांवर मात्र माझा आंधळा विश्वास नाही. आवाज मोठा करणं वेगळं, स्पष्ट करणं वेगळं. मास्कबाहेर माइक धरून ध्वनिवर्धक लावला तर "आ-न" हेच जास्त मोठ्याने ऐकू येईल. गळ्यावरचा मायक्रोफोन कंठाची थरथर पकडतो, पण ओठ आणि दात जे घडवतात ते त्याच्यापर्यंत नीट पोचत नाही, आणि दमलेला माणूस कुजबुजला तर कंठ थरथरतच नाही. मास्कच्या आत बसणारा माइक आणि घरघर गाळणारा संगणक हा रस्ता जास्त आशेचा दिसतो. पण आवाज ओळखणारी सॉफ्टवेअर शिकतात ती स्वच्छ आवाजांवर आणि मोठ्या भाषांवर. जेमतेम पाच अक्षरं एका श्वासात बोलणाऱ्या, बोळक्या तोंडाच्या म्हाताऱ्याची मराठी त्यांना कोण शिकवणार? आणि चूक झाली तर ते यंत्र आमच्यासारखंच करेल, बेधडक "पाणी" छापेल.

उपाय अनेकदा ज्याचं बोलणं गेलं त्याच्याकडूनच येतो. गळ्यात नळी असलेल्यांना आवाज परत देणारी एकतर्फी झडप १९८० च्या दशकात डेव्हिड म्युअर या स्नायुक्षयाने अंथरुणाला खिळलेल्या, व्हेंटिलेटरवर असलेल्या तरुणाने सुचवली. श्वास गळ्यातून आत येऊ द्यायचा, बाहेर जाताना मात्र त्याला स्वरयंत्राकडे वर वळवायचं. कल्पना एका ओळीत सांगता येते, आणि तरी ती सुचायला बोलू न शकणारा माणूस लागला. स्नायू दुबळे झालेले काही जण दिवसा मास्क काढून ओठांशी धरलेल्या नळीतून हवेचा घोट घेतात आणि मधल्या वेळात बोलतात. ही युक्ती पोलिओच्या काळापासूनची आहे. गळ्यातल्या नळीवर जगणाऱ्यांच्या बाबतीत जेनेट हॉइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये दाखवलं की मशीनचे आकडे थोडे बदलले, आत हवा देण्याचा काळ वाढवला, उच्छ्वासाच्या शेवटी थोडा दाब राखला, तर बोलणं सुधारतं. मशीनचे आकडे रक्तातल्या वायूंसाठी बदलतात हे सगळ्यांना माहीत असतं. एखाद्याचं बोलणं नीट व्हावं म्हणून ते बदलता येतील का, हा प्रश्न राउंडवर विचारला गेलेला तुम्ही कधी ऐकलाय?

"आमच्याकडे वेळ नाही," हे या सगळ्यावरचं खरं उत्तर. एका सिस्टरकडे तीन-चार खाटा असतील तर तिला दोष देण्यात अर्थ नाही. पण मामांच्या बाबतीत वेळ किती वाचला ते मोजू. एकदा पट्टा चाचपायला वीस सेकंद लागले असते. त्याऐवजी तीन वेळा हात सोडवणं, पट्टी बांधणं, मनगट दर थोड्या वेळाने तपासणं, नोंदी, आणि शेवटी कानाची मलमपट्टी. कॅनडातल्या क्युबेक प्रांतातल्या २० रुग्णालयांच्या नोंदी तपासून २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, संवादाची अडचण असलेल्या रुग्णांना टाळता येण्याजोगी इजा होण्याचा धोका इतरांच्या तिप्पट आढळला. तो अभ्यास मास्कवाल्यांपुरता नव्हता. पण मास्क म्हणजे चांगल्या बोलणाऱ्याला आपण स्वतःच्या हाताने दिलेली संवादाची अडचण आहे.

फळा आणि पेन दिलं की झालं, असंही म्हणतात. हातात सलाइन, बोटाला सॅच्युरेशनची चिमटी, चष्मा पिशवीत, उताणा माणूस छातीवर फळा धरून लिहिणार. प्रयत्न करून बघितलाय मी, घरी, तब्येत ठणठणीत असताना. स्वतःचं अक्षर स्वतःला लागलं नाही.

त्यापेक्षा आपल्याकडे एक तयार साधन आहे आणि त्याचा वापर फारसा होताना दिसत नाही. आपली वर्णमाला. रोमन लिपीच्या पाटीवर ए पासून झेड पर्यंत बोट फिरवत बसावं लागतं, कारण त्या क्रमाला उच्चाराचं काही कारण नाही. आपली क, च, ट, त, प या पाच ओळींत आधीच मांडलेली आहे, आणि प्रत्येक ओळीत पाच अक्षरं. ऐकणाऱ्याने विचारायचं, "क-ओळ? च-ओळ?" रुग्णाने योग्य ओळीला डोळे मिटायचे किंवा बोट दाबायचं. मग त्या ओळीतलं एकेक अक्षर. पंचविसातलं कुठलंही व्यंजन फार तर दहा प्रश्नांत सापडतं, आणि पहिलं अक्षर कळलं की पुढचा शब्द बहुतेकदा ऐकूनच कळतो. "कान"साठी आम्हाला दोन प्रश्न लागले असते: क-ओळ, आणि क. य-र-ल-व आणि स-ह यांची सहावी ओळ करावी लागेल, जोडाक्षरांना फाटा द्यावा लागेल, पण आयसीयूत कुणी समास बोलत नाही.

बाकी युक्त्या साध्या आहेत, आणि ज्या सिस्टर त्या वापरतात त्यांच्या खाटांवर फरक दिसतो. एका वेळी एकच प्रश्न विचारायचा, हो किंवा नाही असं उत्तर येईल असा. "दुखतंय का, पाणी हवंय का, की झोप येतेय?" या प्रश्नाला मान हलली तर कशाला हलली? रुग्ण थांबला की मशीनचा एक पूर्ण श्वास जाऊ द्यायचा, वाक्य पुढे सरकेल. आपण ऐकलेला शब्द पुन्हा म्हणून खात्री करून घ्यायची, आणि तो चुकलाय असं सांगायची खूण आधीच ठरवून ठेवायची. मामांकडे "नाही, तो शब्द नव्हे" म्हणायला खूणच नव्हती. मान हलवली की आम्हाला वाटायचं, पाण्याचा हट्ट सोडत नाहीयेत. अमेरिकेत मेरी बेथ हॅप यांनी आयसीयूतल्या नर्सना अशीच साधी साधनं आणि सवयी शिकवून त्यांचा परिणाम तपासण्याचं काम अनेक वर्षं केलं. त्यात कुठलीही महागडी गोष्ट नाही. स्पीच थेरपिस्ट मात्र लागतो, आणि आयसीयूत त्याला बोलावतात ते बहुधा रुग्णाला गिळता येतंय का हे बघायला. बोलण्याच्या तज्ज्ञाला बोलण्यासाठी बोलवायचं कुणाच्या लक्षात येत नाही.

"मास्क पाच मिनिटं काढून बोलू द्या ना," हा नातेवाइकांचा हट्ट मात्र मी उचलून धरणार नाही. काहींचं सॅच्युरेशन मास्क काढल्यावर काही श्वासांतच कोसळतं. पण ज्यांना झेपतं त्यांच्यासाठी ती पाच मिनिटं ठरवून, वेळ लावून, डॉक्टरांच्या लेखी सूचनेत असावीत. आणि ती औषध पाजण्यात, तोंड पुसण्यात संपू नयेत. काहींना मास्कऐवजी नाकातून जास्त प्रवाहाची गरम, दमट हवा चालते, त्यात तोंड मोकळं राहतं. पर्याय असेल तिथे बोलणं हाही निवडीचा एक निकष असावा. शेवटचा असेना का, यादीत असावा.

सर्वांत जड बाब मी मागे ठेवत आलो. पुष्कळ रुग्णांच्या बाबतीत मास्क हाच शेवटचा उपाय असतो. आजार इतका पुढे गेलेला असतो की याच्यापुढे घशात नळी टाकायची नाही असं ठरतं. ते ठरवताना कुणाला विचारतात? खोलीबाहेर, कॉरिडॉरमध्ये, मुलाला. कागदावर सही मुलाची. आत तो माणूस शुद्धीवर असतो, बघत असतो, त्याला मत असतं, आणि त्याच्या तोंडावर प्लॅस्टिक असतं. संमती त्याची घ्यायची हे प्रत्येक डॉक्टर शिकलेला असतो. पण ज्याचं ऐकूच येत नाही त्याला विचारून काय करायचं, या व्यवहारी विचारापुढे ते शिक्षण टिकत नाही. "मला घरी न्या" हे पाच अक्षरांचं वाक्य आहे. एका श्वासात बसतं. ते ऐकायला कुणीतरी समोर हवं, आणि त्याने "बोलू नका" असं म्हटलेलं नसावं.

म्हणून केसपेपरवर एक रकाना असावा असं मला वाटतं, ताप-नाडीच्या रांगेतच. आज रुग्णाचं बोलणं कळतंय का: पूर्ण, थोडं, अजिबात नाही. 'अजिबात नाही' लिहिलं तर पुढच्या ओळीत काय केलं ते लिहिणं आलं. आणि 'रुग्ण अस्वस्थ' अशी नोंद करण्याआधी, हात बांधण्याआधी तर नक्कीच, तो काय म्हणतोय हे कळून घ्यायचा प्रयत्न झाला का, त्यावर सही असावी. रकान्यांनी माया येत नाही. पण जे रकान्यात नसतं ते आयसीयूत घडतच नाही, हेही पाहिलंय.

मामा त्यातून बाहेर आले. आता रात्री घरीच मशीन लावतात. घरचा मास्क निवडायची वेळ आली तेव्हा मशीन देणाऱ्या माणसाने तीन नमुने टेबलावर मांडले आणि गळती, गादी, वजन यांवर बोलू लागला. मामांनी त्याला हाताने थांबवलं. मामींना दाराशी, पाठ करून उभं राहायला सांगितलं. पहिला मास्क लावून, मशीन चालू करून ते एक शब्द म्हणाले. मामी म्हणाल्या, "साठ?" दुसऱ्याला म्हणाल्या, "काय, आठ का?" तिसऱ्याला त्या मागे वळल्याच. "पाठ दुखतेय का तुमची?"

मामांनी तिसरा घेतला.